चाळीसपैकी अठ्ठावीस

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले. त्यानंतरचे दोन-तीन दिवस माझ्या फोनवर एकच मेसेज वेगवेगळ्या ग्रुपांतून फिरत होता. कॉलेजच्या ग्रुपवर आला, ऑफिसातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आला आणि शेवटी फॅमिली ग्रुपवरही आला. नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषांची परीक्षा घेतली होती आणि फलज्योतिष खोटं आहे हे सिद्ध केलं होतं, असा त्याचा मथितार्थ. खाली हात जोडल्याच्या खुणा.

फॅमिली ग्रुपवर त्याखाली माझ्या आत्याने लिहिलं, "कसं सिद्ध केलं?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मी एक लांबलचक मेसेज टाइप केला आणि खोडला. "सिद्ध केलं" हे क्रियापदच चुकीचं होतं. बरोबर क्रियापद कोणतं हे सांगायचं तर तीनशे वर्षं मागे जावं लागत होतं आणि फॅमिली ग्रुपवर तेवढी जागा नसते.

आत्याचा प्रश्न खोचक नव्हता. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, आज चौतीस वर्षांचा आहे. बूट स्वतः घालतो, नाडी बांधता येत नाही. तो झाला तेव्हा रीतीप्रमाणे पत्रिका केली होती, आणि तीत बुद्धी तीक्ष्ण, उच्च शिक्षणाचा योग असं लिहिलं होतं. तिसऱ्या वर्षीही तो बोलेना तेव्हा आत्या दुसऱ्या ज्योतिषाकडे गेली, मग तिसऱ्याकडे. तिसऱ्याने सांगितलं, जन्मवेळ पाच-सात मिनिटांनी चुकली असणार. पुढची कित्येक वर्षं आत्या त्या पाच-सात मिनिटांचा विचार करत राहिली. हॉस्पिटलातलं भिंतीवरचं घड्याळ मागे होतं का? नर्सने वेळ नंतर आठवून लिहिली का?

त्यामुळे तिला उत्तर देणं मला भाग होतं, आणि ते नीट देणं भाग होतं.

आधी काय घडलं ते. २००८ साली चार माणसांनी मिळून ही चाचणी आखली: नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, आणि स्वतः ज्योतिष शिकून पुढे त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे. पार्श्वभूमी अशी की २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे विभाग काढायचं ठरवलं होतं. त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये फेटाळला गेला. वाद भरपूर झाला होता. मोजणी कुणी केली नव्हती.

या चौघांनी दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. शंभर मुलं शाळेतल्या शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली. शंभर मुलं विशेष शाळांतली, तेव्हाच्या भाषेत मतिमंद. वेळा पालकांकडूनच घेतल्या. घाटपांड्यांनी सॉफ्टवेअरवर पत्रिका काढल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कुठली पत्रिका कुणाची याची किल्ली कुंट्यांनी विद्यापीठात बंदोबस्तात ठेवली. मग पत्रकार परिषद घेऊन महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना आवाहन केलं: प्रत्येकाला दोनशेतून रँडम काढलेल्या चाळीस पत्रिका मिळतील, प्रत्येक पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढंच सांगायचं.

एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस. सगळ्यांची सरासरी विसाच्या आत, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तर जेवढी आली असती त्याहून कमीच. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. मार्च २००९ मध्ये हे सगळं 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

मला भुरळ घालतो तो निकाल नाही. निकाल लागण्याआधी जे ठरवलं गेलं ते.

चाचणी आखताना पहिलं वाक्य लिहायचं ते आपल्याला वाटतं त्याच्या उलट असतं. "ज्योतिषाला काही कळतं" हे तपासायचं असेल तर गृहीत धरायचं, "काही कळत नाही." याला पाठ्यपुस्तकात शून्य परिकल्पना म्हणतात. आम्ही इंजिनिअरिंगला हे शिकलो तेव्हा सरांनी फळ्यावर एच नॉट लिहिलं, आम्ही वहीत एच नॉट लिहिलं, आणि पेपरात "वी रिजेक्ट एच नॉट" लिहून सहा मार्क मिळवले. हे उलटं का लिहायचं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कारण साधं आहे. "काहीतरी कळतं" या वाक्यातून हिशेब सुरूच होत नाही. किती कळतं? साठ टक्के? नव्वद? "काही कळत नाही" यातून मात्र एक ठाम आकडा मिळतो: प्रत्येक पत्रिकेला अर्धी शक्यता. चाळीस पत्रिकांना सरासरी वीस, आणि विसाच्या आजूबाजूला किती हेलकावे बसतील तेही मोजता येतं. चाळीस गुणिले अर्धा गुणिले अर्धा म्हणजे दहा, त्याचं वर्गमूळ सुमारे ३.१६. हे प्रमाण विचलन. एखाद्याचे तेवीस बरोबर आले तर त्यात नवल काहीच नाही, नाणंही तेवढं करतं.

हा उलटा मार्ग पहिल्यांदा चालून दाखवला तो जॉन आर्बथनॉट नावाच्या डॉक्टरने. इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचा हा वैद्य. त्याने लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी काढल्या, १६२९ ते १७१०, ब्याऐंशी वर्षं. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी वर्षांत मुलींपेक्षा मुलगे जास्त. त्याने विचारलं, मुलगा की मुलगी हे नाण्यासारखं असतं तर असं होण्याची शक्यता किती? दोनाचा ब्याऐंशीवा घात घ्या. चारावर चोवीस शून्यं ठेवली तरी तो आकडा त्याहून मोठा भरतो. तेवढ्यातून एकदा. म्हणजे हा योगायोग नाही. इथपर्यंत तर्क पक्का आहे. यापुढे आर्बथनॉट म्हणाला, योगायोग नाही म्हणजे ही ईश्वराची योजना आहे. पुरुष युद्धात आणि समुद्रावर जास्त मरतात, म्हणून देव ते आधीच जास्त पाठवतो.

इथे तो घसरला, आणि त्या जागी माणसं आजही घसरतात. नाणं समतोल नाही एवढंच त्याच्या आकड्यांनी सांगितलं होतं. निकोलस बर्नूलीने थोड्याच दिवसांत दाखवलं की पस्तीस बाजूंचा फासा घ्या, अठरा बाजू मुलग्यांच्या, सतरा मुलींच्या, तर लंडनच्या नोंदी त्यात बसतात. योगायोग फेटाळला म्हणजे तुमचा लाडका खुलासा खरा ठरला, असं होत नाही. आणि याची दुसरी बाजू, जी फॅमिली ग्रुपवर सांगायला हवी होती: शून्य परिकल्पना फेटाळली गेली नाही म्हणजे ती खरी आहे हेही सिद्ध होत नाही. पुण्यातल्या सत्तावीस जणांना नाण्याहून बरं काही करून दाखवता आलं नाही. बरोबर क्रियापद ते आहे, "दाखवता आलं नाही."

पण मग किती बरोबर आले असते तर आपण मानलं असतं? हा प्रश्न निकालाच्या आधी सोडवावा लागतो, आणि याचं सगळ्यात सुंदर उत्तर एका चहाच्या कपात आहे.

विसाव्या शतकाच्या विशीतली गोष्ट. लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड इथे शेतीचं संशोधन केंद्र होतं, तिथे रोनाल्ड फिशर आकडेमोड करायचा. म्युरिअल ब्रिस्टल नावाची शैवालांची अभ्यासक त्याची सहकारी. एकदा फिशरने तिच्यासाठी चहा ओतला, ती म्हणाली नको, कारण कपात दूध आधी घातलेलं तिला आवडायचं आणि याने चहा आधी ओतला होता. चवीतला फरक आपल्याला कळतो, असा तिचा दावा. (आपल्याकडे दूध, पाणी, साखर, पत्ती सगळं एकाच पातेल्यात उकळतं, त्यामुळे संख्याशास्त्राची ही शाखा आपल्याकडे जन्मणं अवघडच होतं.) १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात फिशरने यावर अख्खं प्रकरण लिहिलं. आठ कप. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. क्रम रँडम. बाईंना चार-चार आहेत हे माहीत आहे, त्यांनी दूध-आधीचे चार वेगळे काढायचे.

आठातून चार निवडायचे सत्तर मार्ग आहेत. नुसत्या नशिबाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक, दीड टक्क्याहूनही कमी. पण चारपैकी तीन बरोबर आले तर? निदान तीन बरोबर येतील अशा निवडी सतरा आहेत. सत्तरात सतरा म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के, एवढ्यावर कुणाचंही कौतुक करता येणार नाही. म्हणजे आठ कपांच्या चाचणीत एकही चूक परवडत नाही, हे पहिला घोट घेण्याआधीच कळतं. आणि सहाच कप घेतले असते तर? तीन-तीनच्या वीस निवडी. सगळे बरोबर आले तरी वीसात एक. इतक्या लहान चाचणीत बाई कितीही खऱ्या असल्या तरी त्यांना ते यापेक्षा जास्त ठामपणे दाखवताच आलं नसतं. गंमत म्हणजे बाईंनी शेवटी ओळखलं की नाही, हे फिशरने त्या पुस्तकात सांगितलेलंच नाही. त्याला त्यात रस नव्हता. रेघ कुठे मारायची हे ठरलं, की त्याच्या दृष्टीने काम झालं.

पुण्याच्या चाळीस पत्रिकांना तोच हिशेब लावून पाहिला. पायथॉनमध्ये चार ओळी लागतात. निव्वळ नाणं उडवणाऱ्याला सव्वीस किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्के. सत्तावीस किंवा जास्तची सुमारे दोन टक्के. अठ्ठावीस किंवा जास्तची ०.८ टक्के. म्हणजे शंभरात एकदाच फसायची तयारी असेल तर रेघ अठ्ठावीसवर येते, सत्तर टक्क्यांवर. दोनशे पत्रिका तपासणाऱ्या संस्थेसाठी त्याच कडकपणाची रेघ ११७ वर येते, म्हणजे साठ टक्क्यांच्याही खाली. नमुना वाढला की सवलत मिळते.

फिशरची सवय शंभरात एकाची नव्हती, विसात एकाची होती. पाच टक्के. १९२५ च्या पुस्तकात त्याने ती सोयीची म्हणून वापरली आणि पुढे ती जगभरच्या प्रबंधांत गोत्रासारखी चिकटली. पाच टक्क्यांची रेघ पुण्यात मारली असती तर काय झालं असतं, हे मी मोजून पाहिलं आणि थोडी हादरले. सव्वीसला रेघ. एकेक नाणेफेक्या ती ओलांडायची शक्यता चार टक्के. पण उत्तर देणारे सत्तावीस होते. सत्तावीस जणांतला निदान एक तरी केवळ नशिबाने ती ओलांडेल याची शक्यता सदुसष्ट टक्के! दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला असता आणि त्याच्याकडे पुढच्या सहा महिन्यांची अपॉइंटमेंट मिळाली नसती. अठ्ठावीसच्या कडक रेघेलाही हा धोका पुरता टळत नाही, सत्तावीस जणांत वीस टक्के उरतोच. आणि त्या चोवीसवाल्याचं म्हणाल तर सत्तावीस नाणेफेक्यांत चोवीस किंवा अधिक मिळवणारे सरासरी तीन-चार निघायला हवेत. पुण्यात एकच निघाला.

हे हादरणं मला नवीन नव्हतं, कारण ही चूक मी स्वतः पगार घेऊन केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या अ‍ॅपमध्ये खरेदीच्या बटणाची दोन रूपं लोकांना दाखवून कुठल्यावर जास्त जण खरेदी पुरी करतात ते मोजायचं होतं. निम्म्यांना जुनं, निम्म्यांना नवं. दोन प्रमाणांची तुलना, पाठ्यपुस्तकातली. चौदा दिवस चालवायचं ठरलं होतं. नवं बटण माझं होतं. मी रोज सकाळी चहा घेताना आकडे उघडून बघायचे. नवव्या दिवशी पी-व्हॅल्यू ०.०४ दिसली आणि मी चाचणी थांबवून विजय जाहीर केला. महिन्याभरात तो फायदा विरघळून गेला. रोज डोकावणं म्हणजे रोज नवं तिकीट काढणं. एकदाच पाहायचं ठरवून पाच टक्के चुकीची तयारी ठेवली असेल आणि प्रत्यक्षात दहा वेळा डोकावून पहिल्या चांगल्या दिवशी थांबलं, तर चुकीची शक्यता एकोणीस टक्क्यांपर्यंत जाते. मला कुणी रागावलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ही गोष्ट प्रमाणांची, म्हणजे हो-नाही मोजण्याची. सरासरीची गोष्ट वेगळी आणि जास्त चिवट. हो-नाहीच्या हिशेबात हेलकावे किती बसतील हे आधीच कळतं, वर पाहिलं तसं वर्गमूळ काढलं की झालं. पण बार्लीच्या उताऱ्याची सरासरी घ्यायची असेल तर? हेलकावा किती हेही त्याच मूठभर नमुन्यातून काढावं लागतं, आणि नमुना चार शेतांचा असेल तर तो अंदाजच लटपटता असतो. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्र शिकलेला तरुण १८९९ पासून नोकरीला होता. त्याची अडचण नेमकी हीच. त्या वेळचं संख्याशास्त्र हजारोंच्या नमुन्यांचं होतं, त्याच्या हातात चार-पाच आकडे.

त्याने काय केलं ते वाचून मला माणूस एकदम ओळखीचा वाटला. त्याने तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी आधी छापलेली मापं घेतली, तीन हजार पत्त्यांवर लिहिली, पत्ते पिसले, चार-चारचे साडेसातशे गट केले आणि प्रत्येक गटाची सरासरी नि विचलन हाताने काढलं. आज मी सिम्युलेशन म्हणून जे एका लूपमध्ये चालवते, ते. त्याच्या सूत्राशी ते जुळलं. १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका'त लेख आला, लेखकाचं नाव फक्त 'स्टुडंट'. नोकरांनी स्वतःच्या नावाने छापायला कंपनीची परवानगी नव्हती. स्टुडंटची टी-चाचणी म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची सोपी चाचणी असं मी तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत समजत होते.

आता सगळ्यात नावडता भाग. पुण्याची रेघ अठ्ठावीसवर मारली तर एखादा खरोखर थोडं जाणणारा ज्योतिषी निसटून जाईल का? हा प्रश्न फिशरच्या चौकटीत नीट बसतच नाही. तो मांडला यर्झी नेमान आणि एगॉन पिअर्सन यांनी, १९३३ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात. त्यांनी म्हटलं, चुका दोन प्रकारच्या. ज्याला कळत नाही त्याला पास करणं ही एक, ज्याला कळतं त्याला नापास करणं ही दुसरी. पहिली कमी करायला रेघ वर नेली की दुसरी वाढते. समजा एखाद्याला खरंच साठ टक्के पत्रिका ओळखता येतात. चाळीस पत्रिकांच्या चाचणीत तो अठ्ठावीस गाठायची शक्यता जेमतेम तेरा टक्के. आठातून सात वेळा आपण त्या बिचाऱ्याला खोटा ठरवू. त्यालाच दोनशे पत्रिका दिल्या तर तो दहातून सात वेळा पास होईल. आणि ज्याला नव्वद टक्के कळतं तो चाळीसच्या चाचणीतही जवळजवळ कधीच अडकणार नाही.

म्हणून पुण्याच्या चाचणीतून निघणारं नेमकं वाक्य असं: पत्रिका बघून मूल हुशार की मतिमंद हे ठामपणे सांगता येतं, हा दावा टिकला नाही. वर्गातली पहिली आणि दहावी मुलगी निवडली असती तर फरक सूक्ष्म आहे म्हणून पळवाट निघाली असती. इथे मुलांच्या आयुष्यांत होता त्याहून मोठा फरक शोधून सापडला नसता, म्हणजे परीक्षा दावा करणाऱ्याच्या बाजूनेच सोपी ठेवली होती. एखाद्याला बावन्न टक्के कळत असेल, ही शक्यता शिल्लक राहतेच. पण बावन्न टक्क्यांवर कुणी मुलीचं लग्न मोडत नाही.

फिशर आणि नेमान यांचं पुढे इतकं फाटलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर बसून ते एकमेकांच्या चुका काढत राहिले. नेमक्या त्याच काळात, १९३३ ते १९३६, त्या इमारतीत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण पीएच.डी. करत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन गेलेला. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायची आणि दोन्हींचे हेलकावे सारखे नसतील तर काय, या कटकटीच्या प्रश्नावर त्यांनी कोष्टकं तयार केली आणि ती फिशर व येट्स यांच्या जगभर वापरल्या गेलेल्या कोष्टकांच्या पुस्तकात गेली. माझ्या आजोळापासून बुध फार लांब नाही. तिथून गाडी कित्येकदा गेली असेल, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या इमारतीबद्दल अजून एक सांगायला हवं, आणि ते मी आत्याला सांगितलेलं नाही. फिशर ज्या पदावर बसला होता त्याचं नाव गॉल्टन प्रोफेसर ऑफ युजेनिक्स. त्याच्या आधी कार्ल पिअर्सन त्या पदावर होता. चांगल्या वाणाची माणसं वाढावीत, वाईट वाणाची कमी व्हावीत, हे त्या शास्त्राचं ध्येय. 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या ऐच्छिक नसबंदीला कायद्याने मान्यता द्यावी, यासाठी खटपट करणाऱ्यांत फिशर होता. माझ्या आतेभावासारखी माणसं जन्माला येऊ नयेत असं वाटणाऱ्या माणसाने घडवलेलं अवजार घेऊन, पुण्यात चार जणांनी त्याच्यासारख्या शंभर मुलांच्या पत्रिका तपासल्या आणि त्यांच्या आयांच्या मानेवरचं ओझं थोडं हलकं केलं. यावर काय म्हणावं मला कळत नाही. अवजार मी रोज वापरते.

एक खोट राहतेच. एक्कावन्नपैकी चोवीस जणांनी उत्तर पाठवलंच नाही. पत्रिका बघून त्यांना काहीच सुचलं नाही की वेळ झाला नाही? की आपला अंदाज अंधारातला आहे हे त्यांना आतून कळलं? ही माणसं मोजणीत नाहीत आणि कुठलंही सूत्र त्यांना परत आणू शकत नाही. शिवाय सत्तावीस जणांच्या १०८० उत्तरांची एक मोठी बेरीज करून त्यावर वेगळी चाचणी लावायचा मोह मला झाला होता, पण पत्रिका दोनशेच, तेव्हा त्याच त्या अनेकांकडे गेलेल्या. ती १०८० स्वतंत्र नाणी नव्हेत. मोह आवरला. बटणाच्या वेळी एवढी अक्कल असती तर.

दिवाळीत आत्याकडे गेले तेव्हा तिने विषय काढला. "ती वेळेची भानगड," ती म्हणाली, "त्या मुलांच्या वेळाही चुकलेल्याच असतील ना? मग परीक्षाच चुकली."

हा आक्षेप चांगला होता. वेळा चुकल्या असतील तर ज्याला खरंच कळतं त्याचेही गुण घसरणार. मी म्हटलं, "पण आत्या, ज्योतिषी आईबापांनी सांगितलेली वेळच घेतात ना रोज? पैसेही त्याच वेळेवर घेतात. म्हणून परीक्षाही तशाच वेळांची होती. पाच मिनिटांनी सगळं कोसळत असेल, तर मुळात ते कुणाचंच काही सांगू शकत नाहीत."

ती गप्प बसली. मग म्हणाली, अठ्ठावीसच का? म्हणून मी पाकिटातून दोन रुपयांचं नाणं काढलं, आणि कालनिर्णयचं उलटून गेलेलं पान तिच्यापुढे ठेवलं. छापा म्हणजे बरोबर. तिने चाळीस वेळा उडवलं. पाच-पाचच्या रेघा मारत गेली, भाजीचा हिशेब लिहावा तशा. नाणं दोनदा सोफ्याखाली गेलं, ते आतेभावाने काढून दिलं. तेवीस आले.

"तेवीस," ती म्हणाली. "म्हणजे त्यातल्या एकालाच माझ्याहून जास्त मिळाले?"

"एकालाच."

तिने पान दुमडून ठेवलं. आतेभाऊ नाणं मागत होता. त्याला ते उडवता येत नव्हतं, तो टेबलावर गरागरा फिरवायचा आणि थांबायच्या आत हाताने झाकायचा. आत्या त्याच्याकडे बघत म्हणाली, "याची पत्रिका असती त्यांच्यात, तर किती जणांनी ओळखला असता?"

"निम्म्यांनी," मी म्हटलं. "कमी-जास्त."

"आणि वेळ बरोबर असती तर?"

मी पुन्हा निम्म्यांनी म्हणाले. तिने मान हलवली आणि चहा टाकायला उठली.